रक्कम खरी, खाते चुकीचे

सूर्यास्ताला अर्धा तास अवकाश असताना दादाजी पेढीवरून घरी परतले. दिवस धामधुमीचा गेला होता. दुपारी नात्यातल्या साखरपुड्यात दालबाटीचे जेवण झाले होते आणि त्यानंतर पेढीवर एका मालमोटारवाल्याशी भाड्याच्या हिशेबावरून चांगलीच खडाजंगी उडाली होती. घरी येऊन त्यांनी नावापुरती खिचडी घेतली, पाणी प्याले, चौविहाराचे पच्चक्खाण घेतले आणि ते नित्याप्रमाणे प्रतिक्रमणाला बसले.

प्रतिक्रमण अर्ध्यावर आले असेल, तोच छाती संपून पोट सुरू होते त्या खळग्यात त्यांना जडपणा जाणवू लागला. पाहता पाहता जडपणाची कळ झाली, मळमळू लागले, कपाळावर घाम आला. ते उठून पलंगावर आडवे झाले. “दालबाटी भोवली,” एवढेच म्हणाले. पोटात काही घेण्याची वेळ टळून गेली होती, म्हणून आजीने हिंग कालवून बेंबीभोवती लावला. मुलगा म्हणाला, डॉक्टरांना विचारू या. दादाजींनी हाताने नकार दिला. “गॅससाठी डॉक्टर कशाला? सकाळी पाहू.”

शेजारच्या खोलीत नात शरीररचनाशास्त्राचे पुस्तक उघडून बसली होती. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले वर्ष, तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर. ती बाहेर आली, दादाजींचा हात हाती घेतला आणि दचकली. हात थंडगार होता, तळवा घामाने भिजला होता आणि नाडी मिनिटाला जेमतेम ५० पडत होती.

“दादाजी, दुखणे आणखी कुठे जाते आहे?”

“कुठे नाही. दाढ थोडी जड वाटते, एवढेच.”

तिने आईकडे पाहिले. “हे पोटाचे दुखणे नाही. १०८ ला फोन लावा.”

आईने १०८ ला फोन लावला, मुलाने घरच्या डॉक्टरांना. डॉक्टरांनी लक्षणे ऐकली, अॅस्पिरीनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नाही ना, हे विचारून घेतले आणि सांगितले की घरात अॅस्पिरीनची गोळी असेल तर ती आत्ता चावून खायला द्या. आजीच्या औषधाच्या डब्यात ती पट्टी होती. दादाजींनी मात्र ओठ घट्ट मिटून घेतले. “पच्चक्खाण आहे.”

घरात क्षणभर कोणालाच काही सुचेना. अखेर आजी पुढे झाली. तिचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले, पण पच्चक्खाणाची सर्व सूत्रे तिला अर्थासह मुखोद्गत होती. ती शांतपणे म्हणाली, “पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवले आहेत? चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घ्यायची मोकळीक सूत्रातच आहे. सर्वसमाधिप्रत्यय आगार तुम्ही रोज म्हणता. आज त्याचा अर्थ आठवा.”

दादाजींनी गोळी चावली.

तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचताच हृदयाचा आलेख काढला गेला. हृदयाकडे खालच्या बाजूने पाहणाऱ्या तीन रेघांमध्ये झटक्याची स्पष्ट खूण होती. मध्यरात्रीच्या आत जिल्ह्याच्या ठिकाणी उजवी करोनरी धमनी मोकळी करण्यात आली. सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर त्या भागातील बराच स्नायू कायमचा निकामी झाला असता, कारण धमनी पूर्ण बंद झाली की साधारण २० ते ३० मिनिटांनंतर हृदयाच्या स्नायूपेशी मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत ही हानी पसरत जाते.

आठवड्याने दादाजी घरी आले. ओसरीवर बसल्याबसल्या त्यांनी नातीला जो पहिला प्रश्न विचारला, तोच तोंडी परीक्षेत परीक्षक पिढ्यान्‌पिढ्या विचारत आले आहेत. “आजार हृदयात होता, तर दुखले पोटात कसे?”

खतावणीतील चूक

शरीररचनाशास्त्र म्हणजे हाडे, स्नायू आणि नसा यांची लांबलचक नावे पाठ करणे, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचाही तो काही महिने असतो. पुढे लक्षात येते की कोणता अवयव कोठे आहे याइतकेच, त्या अवयवाची बातमी मेंदूपर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे महत्त्वाचे आहे. वैद्याच्या दृष्टीने शरीराचा नकाशा म्हणजे मुख्यतः या वाटांचा नकाशा.

माणसाच्या मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेतून ८, छातीच्या भागातून १२, कमरेतून ५, त्रिकास्थीच्या भागातून ५ आणि माकडहाडापाशी १. यांपैकी जवळजवळ प्रत्येक जोडीकडे त्वचेचा एक ठरावीक पट्टा सोपवलेला असतो. त्या पट्ट्यावर टाचणी टोचली की बातमी त्याच तंतूने मज्जारज्जूच्या त्याच खंडात येते आणि तेथून मेंदूकडे जाते.

हृदय, जठर, आतडी, पित्ताशय या आतल्या अवयवांना मात्र मेंदूकडे जाणारी अशी स्वतंत्र वाट नाही. त्यांचे वेदनातंतू त्वचेच्या तंतूंबरोबर मज्जारज्जूच्या त्याच खंडांत शिरतात आणि पुष्कळदा तेथील त्याच पेशींशी जोडले जातात. त्वचेची बातमी जन्मापासून रोज शेकडो वेळा येते, हृदयाची बातमी आयुष्यात एखाद्या वेळी येते. त्यामुळे त्या खंडातून वेदना आली की मेंदू ती सवयीने त्वचेच्या नावे मांडतो. वेदना खरी असते, तिचा ठिकाणा मात्र चुकलेला असतो.

नातीने हे सांगितले तेव्हा दादाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे किर्दीत रक्कम बरोबर लिहिली, पण खतावणी करताना मुनीमजींनी ती दुसऱ्याच आसामीच्या खात्यावर टाकली.”

पाठ्यपुस्तकात याला निर्देशित वेदना म्हणतात. दादाजींची व्याख्या त्याहून सोपी होती, आणि चूकही नव्हती.

नागिणीने दाखवलेला नकाशा

त्वचेचे हे पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत. ते आखण्यासाठी वैद्यांना एका आजाराची मदत झाली, आणि तो महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तो आजार म्हणजे नागीण. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात त्या एकाच तंतूच्या वाटेने त्वचेवर उमटतो. म्हणून फोड पाठीपासून छातीपर्यंत अर्ध्या कमरपट्ट्यासारखे येतात. लंडनचे वैद्य हेन्री हेड यांनी १८९३ मध्ये आतील अवयवांच्या आजारात त्वचेचा कोणता भाग हुळहुळा होतो याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि नागिणीच्या रुग्णांवरून हे पट्टे रेखाटले. तंतू तुटल्यावर संवेदना कशी परतते हे जाणण्यासाठी १९०३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच डाव्या हातातील त्वचेच्या मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून घेतल्या आणि पुढे काही वर्षे एका सहकाऱ्याकडून त्या हाताची तपासणी करवून घेतली. ज्ञानासाठी स्वतःच्या देहाला असे कष्ट देणारी माणसे थोडीच.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे जुनी माणसे सांगत. शरीररचना पाहिली की ही भीती ओसरते. प्रत्येक तंतू शरीराच्या एकाच बाजूचा कारभार पाहतो, म्हणून नागीण बहुधा मध्यरेषेपाशीच थांबते. तिच्यावर औषध आहे, आणि ते फोड दिसू लागल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते. डोळ्याजवळ उठलेली नागीण मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

हृदयाची हाक कोठे ऐकू येते

हृदयाचे वेदनातंतू मुख्यतः छातीच्या भागातील पहिल्या चार-पाच खंडांत येतात. याच खंडांकडे छातीची पुढची बाजू आहे, आणि पहिल्या दोन खंडांकडे हाताची आतली, करंगळीच्या बाजूची कड. म्हणून हृदयाची कळ छातीच्या मधोमध उठते आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूने खाली उतरते. ती दोन्ही हातांत, मानेत, पाठीत किंवा खालच्या जबड्यातही जाऊ शकते. दादाजींची दाढ ठणठणीत होती. हृदयाच्या रकमेतील थोडा भाग तिच्या खात्यावर पडला होता.

पोटाच्या घोटाळ्याचे कारण हृदयाच्या ठेवणीत आहे. हृदय छातीच्या पोकळीत लोंबकळत नसते. त्याचा खालचा पृष्ठभाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि श्वासपटलाच्या लगेच खाली यकृत आणि जठर असतात. हृदय आणि अन्ननलिका यांचे वेदनातंतू बऱ्याच अंशी त्याच खंडांत येतात, आणि जठराचे खंड त्यांच्या लगतच खाली आहेत. शिवाय हृदयाच्या या खालच्या भागात व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या शाखा अधिक असतात. या तंतूला चेतना मिळाली की मळमळते, उलटी होते आणि नाडी मंदावते. बहुतेक माणसांत या भागाला रक्त पुरवणारी उजवी करोनरी धमनीच हृदयाचे ठोके पाडणाऱ्या केंद्रांनाही पुरवठा करते. दादाजींची नाडी ५० वर का आली होती, याचे उत्तर तेथे आहे. पोटाच्या वरच्या भागातील कळ, मळमळ, थंड घाम आणि मंद नाडी ही चौकडी पन्नाशीपुढच्या माणसात एकत्र दिसली तर ‘गॅस’ हा शब्द उच्चारण्याआधी हृदयाचा आलेख काढला पाहिजे.

येथे एक सावधगिरी. छातीत दुखले की शेजाऱ्याकडची जिभेखाली ठेवायची गोळी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असेल आणि त्यात उजवा कप्पाही सापडला असेल तर त्या गोळीने रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. दुसऱ्याला लिहून दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

ज्याला सारा नकाशा ठाऊक होता

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचा शल्यवैद्य होऊन गेला. हजारो नमुने त्याने स्वतः चिरून, जतन करून ठेवले. माणसाच्या शरीराची त्याच्याइतकी माहिती त्या काळी क्वचितच कोणाला असेल. त्याला छातीत कळा येत, आणि संताप झाला की त्या हमखास येत. आपला जीव आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणत्याही माणसाच्या हाती आहे, असे तो म्हणे. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर याने, ज्याने पुढे देवीची लस आणली, आपल्या गुरूच्या करोनरी धमन्या कडक झाल्या असाव्यात असा अचूक तर्क केला होता. गुरूला धक्का बसू नये म्हणून त्याने तो हंटरच्या हयातीत प्रसिद्ध केला नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या एका बैठकीत वाद झाला, हंटर संतापून शेजारच्या खोलीत गेला आणि तेथेच कोसळून मरण पावला. शवविच्छेदनात जेन्नरचा तर्क खरा ठरला.

क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांत क्रोधाचे नाव पहिले येते. क्रोध आत्म्याला बांधतो हे प्रवचनांतून नेहमी ऐकू येते. तो देहालाही सोडत नाही. संताप चढला की नाडी वेगावते, रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक रक्त लागते, आणि अरुंद झालेल्या धमनीतून ते पुरेसे मिळत नाही. भाड्याच्या हिशेबात मालमोटारवाल्याचे किती निघत होते, हे दादाजींना आता आठवत नाही. त्या सायंकाळी ते प्रतिक्रमणाला बसले होते ते याच क्रोधाची आलोचना करण्यासाठी.

खांद्यातले पित्त आणि बेंबीवरचा हिंग

दुसरे ठळक उदाहरण श्वासपटलाचे. छाती आणि पोट यांच्यामधील हा घुमटाकार स्नायू बरगड्यांच्या खाली आहे, पण त्याचा मज्जातंतू येतो मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडांतून. इतक्या लांबून का? कारण गर्भाच्या चौथ्या आठवड्यात श्वासपटलाचा पाया मानेच्या पातळीवर घातला जातो. गर्भ वाढतो तसे श्वासपटल खाली उतरते आणि जाताना आपला मज्जातंतू सोबत ओढून नेते. गाव सोडून शहरात स्थायिक झालेल्या घराचे कुलदैवत जसे मूळ गावीच राहते, तसे श्वासपटलाचे नाते मानेशीच राहते. खांद्याच्या वरच्या भागाची त्वचा याच खंडांची. म्हणून पित्ताशयाला सूज येऊन तिची धग श्वासपटलाला लागली की उजवा खांदा दुखतो. रुग्ण खांद्याला मलम चोळत राहतो आणि खडा पित्ताशयात वाढत राहतो. अपघातात पोटाला मार लागून प्लीहा फाटली आणि रक्त श्वासपटलाखाली साचले तर डावा खांदा दुखू शकतो. दुचाकीवरून पडलेला मुलगा खांद्यावर खरचटलेलेही नसताना खांदा दुखतो म्हणाला, तर त्याच्या पोटाची तपासणी तातडीने झाली पाहिजे.

तिसरे उदाहरण आंत्रपुच्छाचे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला चिकटलेली ही लहानशी शेपटी पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असते. तिला सूज आली की पहिली कळ मात्र बेंबीभोवती येते, कारण तिचे तंतू छातीच्या दहाव्या खंडात पोहोचतात आणि बेंबीची त्वचा त्याच खंडाची आहे. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराला त्वचेसारखे स्वतःचे तंतू आहेत, म्हणून मग दुखणे आपल्या खऱ्या जागी, उजवीकडे खाली सरकते. कमरेच्या हाडाचे पुढे हाताला लागणारे टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ कल्पावी. तिचा बाहेरचा तिसरा भाग जेथे संपतो तेथे बोट दाबले की रुग्ण कळवळतो. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये या बिंदूचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

घरोघरी पोट दुखणाऱ्या मुलाच्या बेंबीवर हिंग लावतात. त्याने अपाय होत नाही. अपाय होतो तो पुढच्या पायरीवर, एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देण्याने, कारण सुजलेले आंत्रपुच्छ त्याने फुटू शकते. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, भूक गेली, ताप आला, तर हिंगाची वाटी बाजूला ठेवून शल्यवैद्यांकडे जावे.

अशा चुकीच्या नोंदी आणखीही आहेत. कमरेच्या वरून निघून जांघेत उतरणारी कळ मूत्रवाहिनीतील खड्याची असते. कान दुखतो आणि दोष दाढेत किंवा घशात निघतो. लहान मूल गुडघा धरून लंगडते, गुडघ्याच्या चित्रात काही सापडत नाही, कारण बिघाड खुब्याच्या सांध्यात असतो. दोन्ही सांध्यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. गुडघा दुखणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवले जाते.

नोंदच न झालेली रक्कम

चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम ताळेबंदाच्या वेळी केव्हातरी सापडते. जिची नोंदच झाली नाही ती सापडत नाही. अनेक वर्षांच्या मधुमेहाने आतील अवयवांचे तंतू झिजतात, आणि अशा रुग्णाला हृदयाचा झटका वेदनेवाचून येऊ शकतो. नुसती धाप लागते, एकाएकी गळून गेल्यासारखे होते, घाम फुटतो. बैठा व्यवसाय, अवेळी खाणे आणि गोडधोडाची रेलचेल असलेल्या व्यापारी घरांत मधुमेह नवा नाही. तेथे ही बाब ध्यानात असलीच पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीतही नोंद पुसट असते. छातीत तीव्र कळ येण्याऐवजी त्यांना धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, कारण नसताना आलेला थकवा असे काही जाणवण्याची शक्यता पुरुषांपेक्षा अधिक असते. त्यात सर्वांची जेवणे आटोपल्याखेरीज स्वतःचे दुखणे बोलून न दाखवण्याची घरातील बाईची रीत. आजीने दादाजींना गोळी घ्यायला लावली. तिची स्वतःची दाढ जड झाली असती, तर ती कोणाला सांगती का, हा प्रश्न त्या घराने नंतर स्वतःला विचारला.

पर्युषणात अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपस्या करणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी पच्चक्खाण घेण्याआधी औषधांविषयी डॉक्टरांशी आणि आगारांविषयी गुरुमहाराजांशी बोलून घ्यावे. घरातील इतरांनीही हे आगार समजून घेतलेले बरे. प्रसंग ओढवतो तेव्हा पोथी उघडायला वेळ नसतो. त्या रात्री आजीला सूत्राचा अर्थ ठाऊक नसता, तर गोळी डब्यातच राहिली असती.

दोन नय

पोटात दुखते असे दादाजी म्हणाले, ते खोटे नव्हते. त्यांना जेथे जाणवत होते तेच त्यांनी सांगितले. आजार हृदयात आहे असे आलेखाने सांगितले, तेही खरे होते. एक व्यवहारनयाचे सत्य, दुसरे निश्चयनयाकडे नेणारे, असे म्हणता येईल. घोटाळा होतो तो आपल्या एका नयालाच पूर्ण सत्य मानण्यात. रुग्ण जाणिवेवर अडून बसतो आणि सकाळची वाट पाहतो. उलट एखादा घाईचा वैद्य नुसत्या यंत्राच्या कागदावर अडून बसतो आणि रुग्ण काय सांगतो ते ऐकत नाही. झटक्याच्या पहिल्या तासात आलेख निर्दोष येऊ शकतो, म्हणून चांगला वैद्य तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतो. आपले म्हणणे अपुरे असू शकते एवढी जागा दोघांनी ठेवली, तर निदान चुकण्याचा संभव कमी होतो. अनेकान्त प्रवचनमंडपाइतकाच रुग्णाच्या खाटेशीही उपयोगी पडतो, तो असा.

नातीची तोंडी परीक्षा यथाकाल पार पडली. परीक्षकांनी तिला हृदयाविषयी काहीच विचारले नाही, पावलाची हाडे विचारली. दादाजींना याचे फार वाईट वाटले.

ते आता दुपारी दोन तास पेढीवर बसतात. गेल्या महिन्यात पोती उतरवणारा एक हमाल डावा हात चोळत बाजूला बसला. पोते उचलताना लचकले असेल, असे सारेच म्हणाले. दादाजींनी त्याला जवळ बोलावले, कपाळाला हात लावून पाहिले आणि मुलाला सांगितले, “गाडी काढ. आलेख काढून आण.” आलेख निर्दोष आला. काही तासांनी पुन्हा काढला, रक्तही तपासले, काही निघाले नाही. हात खरोखरच लचकला होता. पेढीवर थोडा हशा झाला, दोन हजार रुपये फुकट गेले असे कोणीतरी म्हणाले.

दादाजींनी चष्मा पुसला आणि रोजमेळात ती रक्कम खर्ची टाकायला सांगितली. “फुकट कसे? खाते तपासले. बरोबर निघाले.”